तीन पिनांचा मान

बुरहान झनाबिली यांची उमेदीची वर्षे लॉरेलच्या तेलाचा साबण कापण्यात आणि वाळवण्यात गेली. वडी बाहेरून सोनेरी झाल्याशिवाय आणि आतून हिरवी राहिल्याशिवाय विक्रीला काढायची नाही, हा त्यांच्या कारखान्याचा दंडक होता. सुट्टी, सण, मालकाची घाई यांपैकी कशापुढेही तो वाकत नसे. निवृत्त झाल्यावर तोच धीर त्यांनी गाणे ऐकण्याकडे वळवला. सीरियातल्या आमच्या अलेप्पोत यात नवल नाही. येथे तानसेनाइतकाच कानसेनालाही मान आहे. कुणाच्या ‘आह’वर गायकाने पुढची जागा घेतली, हे लोक गायक विस्मरणात गेल्यावरही सांगतात.

दर बुधवारी अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर त्यांच्या दिवाणखान्यात जुन्या तबकड्यांची बैठक भरे. वयाने ज्येष्ठ हाज बक्री खिडकीजवळच्या खुर्चीत बसत. दातांचे डॉक्टर लुत्फी, ज्यांना सगळे ‘हकीम’ म्हणत, अँप्लिफायरला खेटून बसत. मी समोरच्या घरात राहणारा, त्यामुळे दाराजवळची गादी माझी. यजमान या नात्याने बुरहान सर्वांत वाईट जागी, कपाटाच्या आडोशाला बसत.

त्यांच्या पत्नी बहीजा, म्हणजे मुलाच्या नावावरून आम्हा सर्वांच्या उम्म जलाल, जसे बुरहान अबू जलाल, या खोलीत कधी आल्या नाहीत. परके पुरुष बसलेले असताना त्या येणार नव्हत्या आणि आम्हीही तशी अपेक्षा केली नसती. बोळाच्या टोकाच्या स्वयंपाकघरात बसून त्या ऐकत. त्यांचे वडील खानकाहात, सुफींच्या मठात, धिक्राच्या म्हणजे नामस्मरणाच्या वेळी गात असत. स्वरांची जाण त्यांना घरातूनच मिळाली होती. त्यांची दाद आमच्यापर्यंत कॉफीच्या मार्गाने पोहोचे. गाणे बेताचे असले तर वेलचीची कॉफी वेळेवर दाराशी येई. गायक खरोखर रंगला असेल तर तिकडे चमचा हातातच राही, कॉफी उतू जाई, पुन्हा चढवावी लागे. तबक उशिरा आले की हाज बक्री म्हणत, “घ्या. आतून पसंती आली.”

त्या हिवाळ्यात कॉफी वेळेवर येऊ लागली. मोठमोठ्या गायकांच्या तबकड्यांनाही तिने उशीर केला नाही. आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही. बुरहान यांना मात्र वाटले. त्यांनी विचारले तेव्हा मी जिन्यातच होतो.

“तुला ऐकू येतं ना गं नीट?”

“येतं की. तुमचं ओरडणं तर खालच्या भाजीवाल्यालाही येतं.”

“मग काल त्या गाणारीनं शेवटी काय म्हटलं, सांग.”

“शेवटी टाळ्या पडल्या.”

“टाळ्या प्रत्येकच तबकडीच्या शेवटी पडतात!”

“मग बरोबरच सांगितलं ना मी?”

कानाचे यंत्र त्यांनी लावून पाहिले होते आणि पेटीत परत ठेवले होते. त्याने फक्त भांडी मोठ्याने बोलू लागली, असे त्या म्हणत. बुधवार सोडून एरवी दिवाणखान्यात जवळ बसून ऐक, हा नवऱ्याचा तोडगाही त्यांना पटला नाही. “दोघांनीच ऐकायचं म्हणजे औषध घेतल्यासारखं,” त्या म्हणाल्या. “गाणं चार माणसांत ऐकायचं असतं. मी भिंतीपलीकडे असले तरी चार माणसांत असते.” त्या शेवटच्या वाक्यातला ‘असते’ हा आता खरा न राहिलेला शब्द बुरहान यांना बोचत राहिला. पत्नी आपल्याच घरातल्या मैफलीतून हळूहळू बाहेर पडत आहे आणि जाताना दारही वाजवत नाही, असे ते मला म्हणाले.

त्याच सुमारास त्यांच्या मुलाने, जलालने, कुवेतहून नवा प्रीअँप पाठवला. तबकडीवरून येणारा अशक्त आवाज सावरून पुढे अँप्लिफायरकडे धाडणारी ही पेटी. तिच्या पाठीवर आवाज बाहेर काढण्याच्या दोन वाटा होत्या: नेहमीची गोल जोडणी आणि शेजारी तीन पिनांची रुंद जोडणी. दोन्ही एकाच वेळी चालत. बुरहान यांचा बेत लगेच ठरला. एका वाटेने दिवाणखाना, दुसरीने स्वयंपाकघर. लग्नाच्या मांडवात वापरतात तसला, पोटातच अँप्लिफायर असलेला एक जुना स्पीकर त्यांनी मिळवला. त्याला दोन्ही प्रकारच्या जोडण्या चालत. आमच्या तबकड्या ज्या काळातल्या, त्या काळी आवाजाचे डावे-उजवे भाग नव्हतेच. त्यामुळे स्वयंपाकघराला एक बाजू पुरेशी होती.

प्रश्न एवढाच उरला की कोणती वाट कुणाला द्यायची. तो हकीम लुत्फींनी चुटकीसरशी सोडवला.

“तीन पिना म्हणजे सरदारी थाट, अबू जलाल. एका तारेतून गाणं, दुसरीतून त्याचंच उलटं. वाटेत जो कचरा शिरतो तो दोन्हींत सारखाच शिरतो आणि शेवटाला वजा होतो. उरतं ते निव्वळ गाणं!”

“आणि गोल?”

“गोल गरिबाची. तिच्यात जे शिरलं ते शिरलं.”

“मग तीन पिना पाहुण्यांना,” बुरहान म्हणाले. याहून वेगळे ते म्हणूच शकले नसते. आमच्याकडे कोकराचा उत्तम तुकडा पाहुण्याच्या ताटात पडतो आणि घरच्यांना तो कोणता होता हेही कळत नाही. मीसुद्धा मान डोलावली. त्याप्रमाणे तीन पिनांच्या तारा प्रीअँपपासून हातभर अंतरावरच्या अँप्लिफायरला गेल्या. आणि गोल जोडणीची तार गालिच्याखालून, बोळातून, फ्रीजच्या मागून वळसा घेत स्वयंपाकघरात पोहोचली.

पुढच्या बुधवारी कॉफी उशिरा आली. हाज बक्रींनी हात वर करून देवाचे आभार मानले. त्याच्या पुढच्या बुधवारीही उशिरा आली. बुरहान यांच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत मी जे समाधान पाहिले, ते साबणाच्या उत्तम घाण्यानंतरही पाहिले नव्हते.

मग हकीमांनी कुठल्याशा नातेवाइकाची एक तबकडी आणली. गायकाचा स्वर पहिल्याच ओळीत घसरला आणि शेवटपर्यंत सापडला नाही. हाज बक्री डोळे मिटून सहन करत होते. मी गादीचे धागे मोजत होतो. त्याही दिवशी कॉफी उशिरा आली.

बुरहान यांनी तबकाकडे पाहिले. मग उठले आणि बोळातून आत गेले. तबकडी चालूच होती. त्यांचा आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू आला.

“हे काय आहे?”

“काय काय आहे?”

“हा आवाज! गूं गूं गूं! यात गाणं कुठंय?”

“आहे की. फ्रीज थांबला की येतं थोडं.”

“आणि कॉफी? कॉफीला उशीर का केलास?”



“बुधवारभर तुमचा चेहरा असा फुललेला असतो,” उम्म जलाल म्हणाल्या. “एवढी धडपड केलीत माझ्यासाठी. मी काय सांगणार होते, मधमाश्या ऐकतेय म्हणून?”

ते परत आले तेव्हा त्यांनी सुई उचलली आणि प्रीअँप भिंतीपासून ओढून उलटा फिरवला.

“हकीम, तुम्हीच म्हणाला होतात ना, वाटेत कचरा शिरतो?”

“म्हणालो होतो.”

“या तारेला वाट केवढी आहे?” त्यांनी अँप्लिफायरकडे जाणारी तोकडी तार बोटाने उचलून दाखवली. “कचरा शिरायला तरी जागा आहे का हिच्यात? दाराशी बसलेल्याला कुणी शिदोरी बांधून देत नाही. जो वाळवंट ओलांडणार, त्याला देतात.”

“म्हणजे तीन पिना स्वयंपाकघराला?” लुत्फी उभेच राहिले. “वाहवा! वांग्यांना पगडी, आणि पाहुणे बोडके!”

“हो.”

“आवाज पातळ होईल इथला.”

“होऊ दे.”

“मी कानात बोळे घालून येईन मग.”

“या. पण या.”

फरक सांगण्याजोगा नसणार, हे लुत्फींना माझ्याइतकेच ठाऊक होते. सिद्धांत त्यांचाच होता. त्यांना लागले होते ते वेगळे. यजमानाने पाहुण्यापासून मान काढून घेतला, आणि तोही चारचौघांत. बुरहान यांनाही ते कळत होते. तारा बदलताना त्यांचे कान लाल झाले होते. त्या घरात असे काही पूर्वी घडले नव्हते. तरी त्यांनी गोल जोडण्या दिवाणखान्याला दिल्या आणि तीन पिनांची लांब तार आणवून ती बोळातून नेली, फ्रीजपासून दूर, भिंतीच्या कडेने.

नंतरच्या बुधवारी हकीम येतील की नाही याची मला शंका होती. आले. अँप्लिफायरजवळची आपली जागा सोडून माझ्या शेजारी, दाराजवळ बसले आणि हात छातीशी बांधून घेतले. बुरहान यांनी एका बाईची जुनी ध्वनिमुद्रिका लावली. वाट पाहण्याविषयीची एक साधी ओळ ती निरनिराळ्या अंगांनी वळवत होती, आणि एका वळणावर तिने स्वर असा खाली सोडला की हाज बक्रींच्या हातातली जपमाळ थांबली.

“परत!”

आवाज बोळातून आला होता. मोठा, जरा चिरका, ऐकू कमी येणारी माणसे बोलतात तसा. ‘परत’ ही समोर बसलेल्या गायकाकडे करायची मागणी. तबकडीकडे ती आम्ही कधी केली नव्हती, आणि त्या घरातून ती करणारा बाईचा आवाज तर कुणीच ऐकला नव्हता. आम्ही सगळे गालिच्याकडे पाहू लागलो. आत उम्म जलालना आपण काय केले ते उमगले असावे. भांडे घाईघाईने ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला.

बुरहान कपाटाच्या आडोशाला जागचे हलले नाहीत. परवानगी कुणाकडे मागावी हे त्यांना समजत नसावे.

लुत्फींनी छातीवरचे हात सोडले.

“सुई उचला, अबू जलाल,” ते म्हणाले. “मागणी आली आहे.”

बुरहान उठले. घाईत त्यांच्याकडून सुई दोन ओळी आधीच टेकली, आणि त्या दोन ओळीही आम्ही नव्याने ऐकल्या.