सिंधुदुर्गात विचारा

रत्नागिरीत जुने दाखले मिळतात, त्या खिडकीवरचा माणूस मान वर न करता बोलतो. नातीच्या जातीच्या दाखल्याला माझ्या आजोबांची नोंद हवी, त्यावाचून तिचं कॉलेज अडलंय. आमचं गाव तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होतं, आता सिंधुदुर्गात गेलं. मी कितीही भांडलो तरी हा पेनाचं टोपण चावत म्हणायचा, "बाबा, सिंधुदुर्गात विचारा."

शाळा माझी चौथीपर्यंत, पण मी हटणारा नव्हे. गेलो तिकडे. रांगेत माझ्यामागे हाच उभा, टोपण चावत.

"तुम्ही कसे?"

"माझे पणजोबा पण इकडचेच, बाबा."

नंबर माझा होता, तो मी सोडला नाही. खिडकीतली बाई खाली बघूनच म्हणाली, "रत्नागिरीत विचारा."

मी ह्याला दंडाला धरून पुढे ओढला. म्हटलं, "रत्नागिरी आणलीय. विचारा."

बाईने मान वर केली.