आईचं पान, माझा विमा

आमच्या गावातून कोणी परमुलखात निघालं की आधी देवळात गाऱ्हाणं घालतात. मी पुण्याला निघाले त्या सकाळीही घातलं. दाजीकाका म्हणजे माझ्या वडलांचे चुलतभाऊ, राहतात शेजारच्याच घरात. ते नारळ ठेवून देवासमोर उभे राहिले आणि आवाज चढवून म्हणाले, "बा म्हाराजा, आज ह्या तुझा लेकरू पोटासाठी परमुलखात जाता आसा. तेच्या वाटेतली इडापीडा दूर कर आणि जसा जाता तसा परत घराक हाड रे म्हाराजा." सुखरूप घरी आण, या मागण्यावर मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. त्यात आईचा आवाज सगळ्यांत मोठा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर रिक्षा थांबलेली, कुडाळहून गाडी चुकते की काय ही धाकधूक, आणि ही बाई देव बहिरा असल्यासारखी ओरडत होती.

बाबा आदल्या वर्षी गेले होते. भावंड नाही. घर, काजूची बाग आणि आई मागे ठेवून मी निघाले. तिने पिशवीत सोलं, कुळथाचं पीठ आणि घरच्या खोबऱ्याचं तेल कोंबलं आणि रिक्षात बसेपर्यंत एकच गोष्ट सांगत राहिली, "पॉट भर, पण हयसर परत ये गो बाय." पुढची कितीतरी वर्षं प्रत्येक फोन याच वाक्यावर संपायचा.

आता मी पुण्यात एका कारखान्याच्या परचेस विभागात आहे. लग्न केलं नाही. त्यावर गावात जी चर्चा व्हायची ती होऊन गेली. सातव्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट आहे, गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी आहे, आणि मला भेटायला येणाऱ्या माणसाला खालचा सिक्युरिटीवाला आधी ॲपवर विचारतो. गावी आमच्या दाराला कडी असते ती कुत्रं आत शिरू नये म्हणून. मी तक्रार करत नाही. या नोकरीने मला उभं केलं. पण हे लिहायला बसले आहे ती वैतागून, आणि लिहिते आहे तुमच्यासाठी, जे गावात राहिलात आणि जे माझ्यासारखे पुण्या-मुंबईला किंवा गल्फात गेलात. तुमच्याही घरी एखादी आई असेलच.

कंपनीने आम्हाला ग्रुप मेडिक्लेम दिला आणि त्यात आईवडलांची नावं घालता येतील असं कळलं, तेव्हा मी त्याच दिवशी आईचं नाव घातलं आणि तिला फोन केला. ती हरखली. संध्याकाळपर्यंत वाडीत बातमी पसरली की चेडवाने, म्हणजे लेकीने, आईचा विमो केला. आईला ब्लडप्रेशर आहे, साखर आहे. दोन्हीच्या गोळ्या तिला सरकारी आरोग्य केंद्रातून फुकट मिळायच्या. महिन्यातून एकदा जायचं, प्रेशर मोजायचं, गोळ्या घेऊन यायचं. पाऊस जास्त असला तर केंद्राची आशाताई घरी आणून द्यायची. वर्षातून एकदा तपासणीला ओरोसला, जिल्हा रुग्णालयात. हे सगळं व्यवस्थित चाललं होतं, आणि मी त्यात वरून विमा घातला म्हणजे दुधात साखरच, असं मला वाटलं.

आता आमच्या गावची पंगत सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. देवळाच्या समाराधनेला दोन पंगती बसतात. पहिल्या पंगतीत जेवून उठलेलं माणूस दुसऱ्या पंगतीत पान मांडत नाही. कोणी तसं लिहून ठेवलेलं नाही, पण कोणी मांडत नाही. ते दुसऱ्याचं पान असतं. आणि पंगतीत बसलेल्याने वाढप्याला हाक मारायची नाही. तो येईल तेव्हा वाढेल. मागून घेणं म्हणजे हावरटपणा, आणि हावरट म्हणवून घेण्यापेक्षा आमच्याकडची माणसं अर्धपोटी उठतात.

आईने काय केलं असेल, आता ओळखा. पुढच्या महिन्यात आशाताई गोळ्या घेऊन आली तेव्हा हिने त्या परत केल्या. "माझा पान दुसऱ्याक वाढा," असं तिला सांगितलं, "माका आता चेडवाचो विमो आसा." आशाताईला वाटलं, पुण्याहून चांगली औषधं येत असतील. आरोग्य केंद्रात तिच्या नावापुढे बाहेरून औषध घेते असा शेरा पडला. सरकार खूश, एक पेशंट कमी. आणि आई घरी वाढप्याची वाट बघत बसली. विमेवाले आज ना उद्या गोळ्या पाठवतील, आपण विचारायचं नाही. घरात होत्या त्या गोळ्या तिने अर्ध्या करून पुरवल्या. मी रविवारी फोनवर विचारायचे, गोळ्या घेतेस ना? ती म्हणायची, व्हय गो. खोटं नव्हतंच ते. अर्धी तर घेत होती.

मेडिक्लेम रोजची गोळी देत नाही हो! कोणाचाच देत नाही, निदान माझ्या ओळखीत कोणाला मिळालेली नाही. मेडिक्लेम कॉट देतो. माणूस चोवीस तास ॲडमिट व्हायला हवा, मग खोली, डॉक्टर, सलाईन, सगळं येतं. घरी चालत्या-बोलत्या माणसाने रोज सकाळी घ्यायची गोळी म्हणजे ओपीडी, आणि ओपीडी नॉट कव्हर्ड. ते माझ्या कंपनीच्या कागदांत कुठेतरी होतं. आईला ते कोण सांगणार होतं? सरकारला माहीत नाही विमा काय देतो, विमेवाल्यांना माहीत नाही सरकार काय देतं, आणि मधे माझी आई पान मांडून बसलेली.

काजूचा हंगाम ऐन भरात असताना ती बागेत पडली. बी गोळा करताना उजव्या हातातून टोपली सुटली आणि तोंड वाकडं झालं. दाजीकाका कुंपणापलीकडेच होते म्हणून निभावलं. त्यांनी तिला उचलून गाडीत घातलं. राज्याच्या आरोग्य योजनेत अशी आजारपणं बसतात, सगळ्यांची बसतात, हे मला नंतर दहा जणांनी ऐकवलं. बसतात, पण यादीतल्या हॉस्पिटलात. त्या दिवशी ते लांब होतं, आणि जे जवळ होतं ते योजनेच्या यादीत नव्हतं, माझ्या विम्याच्या यादीत होतं. दाजीकाका जवळच्या ठिकाणी घेऊन गेले. मी रात्रीच्या बसने पोचले तेव्हा आई आयसीयूत होती आणि डॉक्टर म्हणत होते, वेळेत आणलंत.

विम्याने सगळं दिलं. खरंच दिलं, मी नावं ठेवणार नाही. घरी सोडल्यावरचीही काही आठवड्यांची औषधं दिली, बिलं अपलोड केल्यावर. पण हीच गंमत मला गिळवत नाही. आई पडल्यावर जे लोक हॉस्पिटलचं एवढं मोठं बिल मुकाट भरतात, ते ती पडू नये म्हणून चिमूटभर गोळी देत नाहीत. आणि जे सरकार गोळी घरपोच देत होतं, त्याला ती गोळी का बंद झाली हे विचारावंसं वाटलं नाही. मी एचआरमधल्या मुलीशी याच्यावरून भांडले. ती बिचारी म्हणाली, मॅडम, पॉलिसी तशीच असते. तिचा काय दोष? पण भांडायला समोर माणूस लागतो आणि तिथे तीच होती.

मग मी आईला पुण्याला आणलं. इथल्या सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर तिचं आधार कार्ड पुढे केलं, तर आतल्या बाई म्हणाल्या, पत्ता सिंधुदुर्गचा आहे, गोळ्या तिकडूनच घ्या. मी म्हटलं, अहो, माणूस इथे आहे. त्या म्हणाल्या, पत्ता बदलून आणा. पत्ता बदलला असता तर बदललाही असता, पण आईने ऐकलं नाही. ती सातव्या मजल्यावरून खाली बघायची आणि चक्कर येते म्हणून आत जाऊन बसायची. उजव्या हातात अजून जोर नव्हता आणि डाव्या हाताने जेवायला तिला लाज वाटायची, म्हणून मी ऑफिसला गेल्यावर जेवायची. एक दिवस मला म्हणाली, "माझा पान थंय मांडलेला आसा गो. हयसर मी कोणाच्या पानार बसलंय?" मी तिला पोचवायला गेले.

आरोग्य केंद्रातला शेरा खोडून घेतला. तिथल्या डॉक्टरांनी मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी बघून त्यांच्याकडे असलेल्या गोळ्या लिहून दिल्या. एक गोळी त्यांच्याकडे येत नाही, ती मी पुण्याहून कुरिअर करते. आशाताई आता हातात गोळ्या ठेवते आणि समोर खायला लावते. तर अशी व्यवस्था आहे. रोजची गोळी सरकारची, पडल्यावरची कॉट माझ्या कंपनीची, आणि दोघांच्या मधली एक गोळी माझी. समजून घ्यायला मला आईचं तोंड वाकडं व्हावं लागलं. तुम्ही आत्ताच आपापल्या घरी फोन करा आणि नुसतं गोळ्या घेतेस का असं विचारू नका, त्या कोण देतंय ते विचारा.

हे सगळं निस्तरत होते तेव्हा कुडाळच्या एका ओळखीच्या माणसाने मला विचारलं, काजूचं छोटं युनिट काढतोय, चार बायका कामाला आहेत, हिशेब आणि खरेदी बघायला येशील का? घरून रोज जाऊन-येऊन करता आलं असतं. पगार कमी होता, त्याचं मला काही नव्हतं. मी मनातल्या मनात सामानही बांधलं. कढीपत्ता कोणाला द्यायचा तेही ठरवलं. मग आठवलं, नोकरी सोडली की मेडिक्लेम सुटतो, आणि माझ्याबरोबर आईचाही. दुसरा काढायचा म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारलं. वय ऐकून आवाज थंड झाला, आजार ऐकून फोन आटोपता घेतला. एकाने सांगितलं, देऊ, पण या आजाराला काही वर्षं हात लावणार नाही. मग काय त्याची पूजा करू?

म्हणजे माझ्या आईजवळ राहायचं असेल तर तिचं पान उचलायचं, आणि तिचं पान राखायचं असेल तर तिच्यापासून लांब राहायचं. यावर मी खूप चिडले, एकटीच, किचनमध्ये. कोणाच्या डोक्यातून हे आलं असेल? त्याला आई नसेल का?

आईला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. दाजीकाकांनी सांगितलं असणार, कुडाळची बातमी त्यांना लागल्याशिवाय राहत नाही. एका रविवारी तिने फोन केला. जीभ अजून जड आहे, शब्द सावकाश येतात. मी वाट बघत होते की ती नेहमीसारखं परत ये म्हणेल, आणि मग मला नाही म्हणावं लागेल. ती म्हणाली, "तू उठा नको गो बाय. मी अजून जेवतंय. तू पंगतीतसून उठलंस तर माका पण उठाचा लागतला." आणि फोन ठेवला. त्या फोनला शेवटचं वाक्य नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी कुडाळच्या माणसाला नकार कळवला. लोक मला विचारतात, तुझं घर कुठलं, पुणे की गाव? पूर्वी मी पटकन गावाचं नाव सांगायचे. आता वाटतं, माझं घर म्हणजे ती जागा जिथे मला राहता येत नाही, कारण तिथल्या माणसाला जगवायचं आहे.

यंदा जत्रेला गेले होते. देवळात दाजीकाका गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. त्यांचा आवाज आता कापतो. पावसापाण्याचं झालं, गुराढोरांचं झालं, आणि मग माझ्याकडे बघून ते म्हणाले, "ह्या चेडवान परमुलखात लय दिस काढले. आता तेका घराक हाड रे म्हाराजा." मागून सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. आई माझ्या शेजारी उभी होती, डाव्या हाताने माझा दंड धरून. तिने तोंड उघडलं नाही. फक्त धरलेला हात आणखी घट्ट केला.