गोदामातला खांब

वडवणीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, एक रिकामं गोदाम आहे, तिथं मी कराटे शिकले. गेले होते मुलीला सोडायला. पंधरा दिवसांत तिचं मन उडालं आणि माझं बसलं. चाळिशी उलटलेली, घरचं किराणा दुकान. सासूबाई म्हणाल्या, "आता ह्या वयात कुणाला मारायचं हाय?" मी म्हणाले, "बघू, कोण कोण नंबर लावतंय ते."

आमचे सर साठीचे. वर्गाआधी ते सगळ्यांना मांडी घालून बसवत आणि आमच्या गोजू-र्यू ह्या कराटे शैलीची वंशावळ सांगत. ओकिनावा बेटावरच्या नाहा बंदरातला एक माणूस चीनला गेला, फूचौ शहरात शिकला आणि परत येऊन शिकवू लागला. पुढं त्याच्या शिष्यानं त्या विद्येला नाव दिलं. गो म्हणजे कठोर, जू म्हणजे मऊ. मग शिष्यांचे शिष्य करत ती सरांच्या गुरूंकडे आली, तिथून वडवणीला. शेवटी सर बोट वर करत. "एक पाऊल बदललेलं न्हाई." हे सांगताना त्यांची मान अशी ताठ व्हायची की आम्हीही ताठ बसायचो.

गेल्या हिवाळ्यात बीडला माझी काळ्या पट्ट्याची परीक्षा होती. मी काता केला, म्हणजे ठरलेल्या हालचाली ओळीनं करून दाखवल्या. परीक्षकांनी मध्येच थांबवलं.

"तिसऱ्या वळणानंतर सरळ जायचं. तुम्ही वळसा का घेतला? तुमच्या वर्गातल्या आधीच्या दोघींनीही घेतला."

पट्टा गेला, हे कळलं. पण खरी धास्ती सरांची वाटली. मागं बसलेले ते उठलेच.

"ते तसंच हाय, साहेब. आमच्याकडं एक पाऊल बदललेलं न्हाई."

"मग तुम्ही दाखवा."

सरांनी चपला काढल्या. तिसऱ्या वळणावर त्यांचाही पाय मोकळ्या फरशीवरून वळसा घालून गेला. ते थांबले, खाली बघत राहिले. तेव्हा माझ्याही डोक्यात उजेड पडला.

"तिथं खांब हाय," सर हळू म्हणाले. "आमच्या गोदामात. मधोमध."

परीक्षक हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. मला म्हणाले, "खांब नाही असं समजून पुन्हा करा." मी सरळ गेले. कपाळ आपटणार अशी भीती वाटत होती, पण गेले. पट्टा मिळाला. एसटीत मी सरांपुढं शेंगदाणे धरले, त्यांनी घेतले नाहीत. पट्टा मी पिशवीत तळाशी घातला. मला आनंद झाला होता आणि त्याची लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी नव्या पोरींपुढं सरांनी वंशावळ सुरू केली. नाहा झालं, फूचौ झालं, गुरू झाले. सरांनी खांबावर हात ठेवला.

"वडवणीत एक पाऊल बदललं. ह्या खांबामुळं. चूक माझी हाय."

मग खांब वाटेत येऊ नये म्हणून त्यांनी खडूनं सुरुवातीची जागा चार पावलं मागं, दारापाशी आखली आणि मला म्हणाले, "ताई, तुमी दाखवा. सरळ."

मी पुढं झाले. सर पोरींच्या मागं जाऊन उभे राहिले आणि माझं बघून पाऊल टाकू लागले.