शेजारणीच्या नाकानं

त्या पावसाळ्यात मला ताप आला आणि तो उतरला तेव्हा मला वास येणं बंद झालं होतं.

पहिल्यांदा कळलं ते चहात. आलं किसून टाकलं, घोट घेतला, तर नुसतं गोड गरम पाणी. वाटलं, आलं जुनं असेल. मग लसूण ठेचून नाकाशी धरला, हिंगाची डबी उघडली, कापूर हुंगला. काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, घाबरू नका. गणपती गेले, दसरा गेला, दिवाळीचं उटणंसुद्धा मी मातीसारखं अंगाला लावलं.

आमच्या चारकोपच्या सोसायटीत मी स्वयंपाकाची म्हणून ओळखली जाते. नोकरी केली ती ऑफिसात, पण लोकांच्या लक्षात राहिला तो सत्यनारायणाचा शिरा आणि ऋषीची भाजी. मोठा टोप चढवायचा असला की माझं दार वाजायचं. हे सगळं आलं माझ्या आईकडून. परळच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत तिनं मला शिकवलं, पण मापं कधी सांगितली नाहीत. ‘वास इलो की उतर,’ एवढंच म्हणायची. त्यामुळे नाक गेलं तेव्हा माझ्या हातातलं सगळंच गेलं.

एका सकाळी दूध उतू जाऊन बर्नर विझला आणि मी तिथेच बाजूला उभी राहून भेंडी चिरत होते. हे आंघोळ करून बाहेर आले आणि ओरडले, “अगो, गॅस चालू आसा! वास येणा नाय तुका?”

बोलून गेले आणि लगेच जीभ चावली. त्यांनी धावत जाऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. मी खुर्चीवर बसले, ती बराच वेळ उठलेच नाही.

तेव्हापासून हेच स्वयंपाकघरात शिरले. मी कधी काही केलंच तर घरातले सगळे “झकास झालंय” म्हणायचे. मुलगा दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा नाही, पण झकास म्हणायचा. त्या झकासचा मला राग यायला लागला होता. आपल्याला सांभाळून घेतायत, हे कळतं ना माणसाला.

भाजी आणायला मात्र मीच जायचे, कारण ह्यांना वाल आणि पावटा यांतला फरक आजवर कळलेला नाही. दर रविवारी आमच्या मैदानाच्या कडेला शेतकऱ्यांचा बाजार भरतो. गावाकडून टेम्पो येतात, ताडपत्र्या अंथरल्या जातात, आणि उजाडता उजाडता पालेभाज्यांचे ढीग लागतात. गेटच्या बाजूला माझी शेजारीण बसते. ती मूळची मढच्या कोळीवाड्यातली, लग्न होऊन आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये आली. सुके बोंबील, सुकट, खारा बांगडा असा तिचा माल. आमची ओळख जुनी, पण बोलणं तोवर ‘कशी आहेस, बरी आहे’च्या पुढे गेलेलं नव्हतं.

त्या रविवारी मी जुन्नरकडच्या एका बाईच्या ढिगापुढे उभी होते. तिशीची असेल. नवरा शेतात आणि ही बाजारात, असं त्यांचं चालायचं. तिनं मेथीची जुडी माझ्यापुढे धरली.

“काकू, वास तर घ्या! आत्ता रानातनं काढून आणलीय.”

“मला वास येत नाही गं,” मी म्हटलं. एवढंच म्हणायचं होतं, पण घरात कुणासमोर न आलेलं रडू तिथे, मेथीच्या ढिगासमोर आलं. ती बिचारी घाबरली. जुडी खाली ठेवून तिनं मला आपल्या गोणीवर बसवलं, पाणी दिलं. गर्दी बघून शेजारीण सुकट तशीच टाकून आली.

“क झाला गो?”

मी सगळं सांगितलं. गॅसचंही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मंग मना नाक हाय नं? चांगला मोठा हाय. फोडणी टाकताना हाक मार मना.”

मला वाटलं, बोलायची पद्धत. पण संध्याकाळी ती खरंच आली. पदराला हात पुसत ओट्याशी उभी राहिली आणि म्हणाली, “घाल तेल.” मी कांदा परतत होते आणि ती माझ्या खांद्यावरून हुंगत होती. “कच्चा हाय अजून. थांब. आता भाजला. उतर, उतर, लागंल!” मग हे रोजचंच झालं. ती जवळ असताना मी कान द्यायला शिकले. मोहरीचं तडतडणं थांबलं की जिरं, तीळ उड्या मारायला लागले की गॅस बंद. जिभेला मीठ, गूळ, चिंच एवढं अर्धवट कळायचं. बाकीचं तिचं नाक सांगायचं.

संक्रांत जवळ आली तेव्हा बाजारात कुणीतरी काढलं की या रविवारी भोगीची भाजी सगळ्यांनी मिळून इथेच करू. भाजी शेतकऱ्यांची, शेगडी आणि टोप आमच्या मंडळाचा, भाकऱ्या घरोघरच्या बायका थापतील. करायचं कुणी, तर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

“मला नाही जमणार,” मी म्हटलं.

“जमंल तिला,” शेजारीण परस्पर बोलून मोकळी झाली. “मी हाय बाजूला.”

पावटे, ओले हरभरे, वालपापडी, गाजर, वांगी, बोरं असा सगळा ढीग बायकांनी गप्पा मारत निवडून दिला. मी तेल तापवलं. नेमकी तेव्हाच शेजारणीला गिऱ्हाइकानं हाक मारली. “आलेच,” म्हणून ती गेली. टोपात मोहरी पडलेली, आणि आजूबाजूला मैदानभर कल्ला. मी टोपावर वाकले आणि ऐकत राहिले. तडतड वाढली, विरळ झाली, थांबली. मी जिरं, हिंग, मग भाज्या टाकल्या. शेजारीण परत आली, तिनं एक मोठा श्वास घेतला आणि मान डोलावून झारा माझ्या हातात दिला. गोडा मसाला आणि तिळाचं कूट किती, ते मात्र तिनं सांगितलं.

पंगत ताडपत्र्यांवरच बसली. जुन्नरची ती बाई इतके रविवार येते, पण तिला बसून जेवताना मी कधी पाहिलं नव्हतं. गिऱ्हाईक सांभाळत उभ्याउभ्याच डबा संपवायची. त्या दिवशी ती मांडी घालून बसली. गरम भाकरीवर भाजी घेतली, घास खाल्ला, जरा विचार केला.

“काकू, भाजी ब्येस झालीय. पण मीठ कमी हाय.”

आजूबाजूच्या बायका तिला गप्प करायला लागल्या. मला मात्र इतकं बरं वाटलं की मी मोठ्यानं हसले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकाबद्दल कुणी खरं बोललं होतं. आजारी बाई म्हणून तिनं मला सूट दिली नव्हती. मी मीठ आणलं, टोपात घातलं, ढवळलं, आणि तिला पुन्हा वाढलं. “आता?” “आता बरुबर.” तिनं तिसऱ्यांदाही घेतली.

वास आला तो चैत्रात, आणि तोही सुकटीचा. शेजारणीनं नव्या मालाचं पोतं उघडलं, बाजूच्या आंबेवाल्यानं नाकाला रुमाल लावला, आणि मला नाकात काहीतरी टोचल्यासारखं झालं. मी पोत्यात तोंडच घातलं. घाणेरडा, खारट, समुद्राचा तो भपकारा! मी तिला मिठी मारली. “येडी झाली गो ही,” ती म्हणाली आणि डोळे पुसायला लागली.

सगळं नाही परत आलं. कोथिंबीर अजून जळकट लागते, चहातलं आलं कधी येतं, कधी नाही. पण गॅसचा वास येतो, आणि पुन्हा टोप चढवायला लोक दार वाजवतात. भोगीची पंगत दर वर्षी बसते. ज्या देवाला मी त्या पावसाळ्यात बोल लावला, त्याला आता रोज हात जोडते. शेजारीण आणि जुन्नरची बाई या दोघी ज्या बाजारात माझ्या झाल्या, तो भरवायचं सुचलेल्या माणसांनाही हात जोडते.

यंदा जुन्नरच्या बाईनं गावच्या यात्रेला आम्हा दोघींना बोलावलं. बाजाराच्या रिकाम्या टेम्पोतून, पुढच्या सीटवर दाटीवाटीनं बसून, आम्ही गेलो. तिनं मासवडीचा बेत केला होता. नावात मासा म्हणून शेजारीण सकाळपासून खूश, आणि मीही तिला काही सांगितलं नव्हतं. झणझणीत रस्सा ताटात आला, वडी आली. तिनं एक तुकडा मोडून बघितला. बाहेर बेसन, आत तीळ, खोबरं, लसूण. दुसरा मोडला.

“याचेमंदी मासा कवा येल?”

आमच्या यजमानीणबाई हसून हसून चुलीपुढे वाकल्या. शेजारणीनं माझ्याकडे रागानं बघितलं, आणि मग ताटातल्या सगळ्या वड्या संपवून आणखी मागितल्या.