तोलामोलाचं क्रीडामंडळ

चिखलीहून सकाळची एसटी सुटली तेव्हा शेजारी आमचे प्राचार्य बसले होते. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालेलं, आमचं कॉलेज त्याहून नवं, आणि मी अमेरिकेत वर्षभर राहून आलेला कॉलेजातला एकमेव प्राध्यापक. तिकडच्या नामांकित विद्यापीठात मी एक गंमत पाहिली होती. मोजकी जुनी, मातब्बर विद्यापीठं मंडळ करून मुख्यतः आपापसांतच सामने खेळतात. मंडळ खेळाचं, पण लोक त्याच्या नावावर विद्वत्ता मोजतात! तसंच मंडळ आपल्याकडच्या शाळांचं काढायचं खूळ माझं. "पहिला सामना धड झाला तरच हे मंडळ राहील," असं प्राचार्यांनी छापील मराठीत बजावलं होतं.

उंद्रीच्या पुढे एका फाट्यावर उतरलो. गावाचं नाव सांगत नाही. गावकऱ्यांनी तशी गळ घातली आहे. महिन्यापूर्वी इथल्या सरपंचांना, नामदेवरावांना, मी मंडळ समजावून गेलो होतो.

"बाकीच्यायसंग खेळत नाईत? काऊन?" त्यांनी विचारलं होतं.

"तोलामोलाचे लागतात."

"हाव! म्हंजे सोयरीक पाह्यतेत. मंग सरळ सांगा ना, सर!"

मी खुशीत मान डोलावली होती. तिथेच चुकलो.

मैदानावर पाहतो तर मांडव! रोहिणखेडच्या शाळेकडून खेळायला आलेल्या पोरांना कुंकू लावून, टोप्या घालून पंगतीला बसवलेलं. रोडगे (गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे जाड गोळे), वांग्याची भाजी, वरण, वर तुपाची धार.

"सामन्याआधी जेवण?" मी हबकलो.

"व्याह्याकडचे पोरं उपाशी खेळवता का?" नामदेवराव माझ्यावरच डाफरले. प्राचार्यांनी तोवर पंगतीत जागा धरली होती.

कबड्डी सुरू झाली. पाहुणे ढेकर देत चढाईला यायचे आणि दम तुटायच्या आत माघारी फिरायचे. यजमान अदबीने बाजूला सरायचे. एकाने चुकून पाहुण्याचा पाय धरला तर मांडवातून ओरडा झाला, "सोड बे! सोयऱ्याले पाडतं का?" त्याने पाय सोडला, वर धूळही झटकून दिली. शेवटपर्यंत एकही गडी बाद झाला नाही. पंच शिट्टी खिशात घालून पंगतीला गेले. माझं अमेरिकेचं ज्ञान तेवढं धुळीत लोळलं.

परतीच्या एसटीत प्राचार्य डोळे मिटून बसले होते. मला लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भरून आलं होतं. त्या विद्यापीठात मी वर्षभर चुरशीचे सामने पाहिले, पण शेजारी बसलेल्या कुणी कधी 'जेवलात का' म्हणून विचारलं नव्हतं.

शेवटी धीर करून म्हणालो, "मंडळ गुंडाळतो, सर."

प्राचार्यांनी डोळे उघडले.

"गुंडाळता काऊन? सोयऱ्यायनं एवढं जेऊ घातलं, अन् आपून त्यायले बोलावाचंही नाही? बरं दिसते का?"