डावा हात खिशात

कुठलंही मशीन उघडायचं म्हटलं की काका आधी डावा हात पँटच्या खिशात घालायचे. मोरिवलीला लागून असलेल्या आमच्या केमिकल कारखान्यात ते जुने इलेक्ट्रिशियन, मी नवा अधिकारी. मला ती ऐट वाटली. विचारलं तेव्हा म्हणाले, "दोनी हात लावलं तं करंट छातीतून जातो, साहेब."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, कामात वाकबगार आणि तरी कायम धास्तावलेली. पाठीमागे लोक त्यांना भित्री भागूबाई म्हणत. नव्या माणसाला ते एकच प्रश्न विचारायचे, "भ्या वाटतंय ना?" हो म्हटलं की खूश. "मंग बरा हाय."

एका सकाळी रिॲक्टरचं तापमान दाखवणारा कॉम्प्युटर दोनदा आपोआप बंद होऊन सुरू झाला. रिॲक्टरच्या टाकीत माल शिजत होता, अजून चार तास लागणार होते. तापमान चढलं आणि थंड पाण्याचा व्हॉल्व्ह वेळेवर उघडला नाही तर कसा स्फोट होतो, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. काकांनी कॉम्प्युटरच्या मागे नाक नेऊन वास घेतला. त्याला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय जळायला आला होता. नवा स्टोअरमध्ये होता, पण बसवायला कॉम्प्युटर बंद करावा लागणार होता. मॅनेजर फोनवर म्हणाले, तुम्ही तिथे आहात, तुम्हीच ठरवा. ते स्वतः असते तर माल उतरेपर्यंत हात लावला नसता, असंही म्हणाले. मलाही तेच हवं होतं. आपण बंद केला आणि तो परत सुरूच झाला नाही तर?

"आपून बंद केला तं कवा बंद झाला ते ठावं असतं," काका म्हणाले. "तो आपला आपून गेला तं?"

मी हो म्हटलं. आयुष्यात इतका घाबरून कधी हो म्हटलं नव्हतं.

रिॲक्टरवर काट्याचं जुनं मीटर होतं. व्हॉल्व्हवर हात ठेवून मी त्याच्यासमोर उभा राहिलो. काटा चढला, मी पाणी सोडलं, तरी थांबेना. काचेतून कंट्रोल रूममध्ये पाहिलं, तर घाईत काकांचे दोन्ही हात कॉम्प्युटरच्या तारांनी भरलेल्या कपाटात होते. मी व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. काटा उतरू लागला तोवर आत स्क्रीन उजळला होता.

जुन्या सप्लायचा पंखा लाल झाला होता. दर दसऱ्याला काका कॉम्प्युटरची पूजा करत, मागच्या जाळीवरही चिमूटभर कुंकू टाकत. पंख्याने ते वर्षानुवर्षं आत ओढलं होतं. मॅनेजर आल्यावर हे काकांनीच सगळ्यांसमोर सांगितलं. पुढच्या दसऱ्याला त्यांनी फक्त पुढच्या बाजूला ओल्या गंधाचं बोट लावलं, डावा हात खिशात ठेवून. मला त्यांची फार माया वाटली.

निवृत्त होऊन ते वांगणीला राहायला गेले आणि दोन वर्षांत वारले.

परवा माल शिजत असताना स्क्रीन मिटला आणि पुन्हा उजळला. नव्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने कपाट उघडलं. माझा डावा हात आपोआप खिशात गेला होता. मी त्याला विचारलं, "भीती वाटतेय ना?"

"छे, सर," तो म्हणाला आणि त्याने दोन्ही हात आत घातले.