हळकुंडं फोडायचा मान

सोयाबीनच्या मळणीत माझा उजवा हात मशीनमध्ये ओढला गेला आणि मनगटापासून तुटला. त्यानंतर मी किती महिने भिंतीकडे तोंड करून पडून होते, मला सांगता येणार नाही. भूक नव्हती, रडूही येत नव्हतं. जाऊबाई वेणी घालायला आल्या की मी पदर डोक्यावरून ओढून घ्यायची. जगून काय करायचं, एवढंच वाटायचं.

उठले ती पुतणीच्या लग्नासाठी. जाऊबाईंची ही लेक माझ्याच मांडीवर वाढली. आमच्याकडे हळदीच्या दिवशी मुसळाला आंब्याची पानं बांधतात आणि पाच सवाशिणी मिळून ते मुसळ धरून हळकुंडं फोडतात. भावकीतल्या प्रत्येक लग्नात पहिला हात माझा असायचा. या वेळी डावा लावीन, असं मी जाऊबाईंना सांगितलं.

"लाव की माय, कोन न्हाई म्हनतंय?" त्या म्हणाल्या.

हळदीच्या आदल्या दिवशी मी डाव्या हातात हिरवा चुडा भरून घेतला. मुसळ स्वतः धुऊन उन्हात ठेवलं. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

हळद संध्याकाळी आहे, असं मला सांगितलं होतं. हळदीच्या दिवशी सकाळीच हे म्हणाले, "चल, डॉक्टरनं बोलवलंय. जल्दी जाऊन येऊ." जीपमध्ये दाटीवाटीनं बसून घनसावंगीला गेलो. दवाखान्यातली सिस्टर माझं मनगट बघून म्हणाली, "जखम तर कधीच भरलीय. आज कशाला आलात?" मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले. मोबाइल बंद होता.

परत आलो तर पोरीला हळद लागलेली. मुसळ भिंतीला टेकवलेलं, त्यावरची पानं कोमेजलेली. जाऊबाईंना विचारलं, तर त्या ताटं आवरायला लागल्या.

"तिच्या सासरची मान्सं आल्ती. शुभ कामात कोनी बोट दाखवाया नको. तुलाच तरास झाला असता."

माझाच त्रास! केसानं गळा कापायचा आणि वर माझीच काळजी करायची. मशीनला निदान डोळे नव्हते. ह्यांना होते, जाऊबाईंना होते.

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात पोर बाहेर आली. अंगभर हळद, डोळे भरलेले.

"काकू, मी तुझी वाट पाहून राह्यले व्हते. तू सोताच नको म्हन्लीस म्हनं. काका जाताना सांगून गेले. माझ्यासाठी एवढं बी न्हाई का गं?"

हे माझ्या मागेच उभे होते. जाऊबाईंच्या हातातलं ताट तसंच राहिलं. खरं सांगितलं असतं तर पोर त्याच मांडवात आईशी आणि काकाशी भांडली असती. मी तिला ओळखते. दुसऱ्या दिवशी तिचं लग्न होतं.

"व्हय गं," मी म्हणाले, "मीच नको म्हन्ले."

ती आत गेली. माझ्या मागे ह्यांनी सुटकेचा श्वास सोडला. तो श्वास मी अजून ह्यांना माफ केलेला नाही.